क्रिएटिनिन १.३: घोणस चावलेल्या एका पेशंटबद्दल मी पाच वेळा अंदाज बांधला त्याची गोष्ट

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षात मी एक नसती सवय लावून घेतली होती. किडनी अचानक बसलेला, म्हणजे आमच्या भाषेत एकेआयचा पेशंट वॉर्डात आला की एका शंभर पानी वहीत त्याच्याबद्दल अंदाज लिहायचा, तोही टक्क्यात. डायलिसिस लागेल का, वाचेल का, किडनी परत येईल का. "बहुतेक" "शक्यता आहे" असलं काही लिहायचं नाही, आकडा लिहायचा आणि खाली तारीख टाकायची, म्हणजे नंतर पलटी मारता येत नाही. आमचे सर ती वही बघून हसायचे, म्हणायचे, तू मेडिसिनला कशाला आलीस, ज्योतिषाला जायचं की.

त्या वहीतलीच ही एक केस. ओळख पटू नये म्हणून वय, गाव, नातीगोती थोडी इकडची तिकडे केलीत. आकडे मात्र वहीतलेच आहेत.

ऑक्टोबर महिना, लातूरकडचा भाग, सोयाबीनची काढणी जोरात. काढलेलं सोयाबीन शेतातच बनीम, म्हणजे ढीग, घालून ताडपत्रीखाली झाकून ठेवतात, पाऊस कधी येईल सांगता येत नाही ना. तर संध्याकाळी पाचच्या सुमाराला ३६ वर्षांच्या ताई ताडपत्री उचलायला गेल्या आणि उजव्या घोट्याच्या वर चावा. जावेनं साप बघितला, जाड, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करणारा. घोणसच.

पुढचे साडेचार तास असे गेले. आधी पायाला दोरीनं करकचून आवळलं. मग मारुतीच्या पारावर नेलं, आमच्याकडं सापाचं माणूस आधी मारुतीलाच नेतात, तिथं दोन तास. मग पाय सुजून दुखायला लागला म्हणून एका खाजगी दवाखान्यात, तिथं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, डायक्लोफिनॅक. बीपी पडत असलेल्या, किडनीवर विष चाललेल्या बाईला डायक्लोफिनॅक म्हणजे पडत्या भिंतीला अजून एक ढोसणी, पण असो, दिलं. तिथून ग्रामीण रुग्णालयात, आणि साडेनऊला एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० व्हायल्स (बाटल्या) चालू झाल्या. ग्रामीणच्या डॉक्टरनं सगळं बरोबर केलं हे मुद्दाम लिहिते, कारण रेफर झालेल्या पेशंटच्या केसमधे खालच्या दवाखान्याला शिव्या घालायची आपल्याला सवय असते. त्यानं काचेच्या कोऱ्या टेस्ट ट्यूबमधे २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं तसंच ठेवलं, गुठळी झाली नाही, एएसव्ही लावलं, आणि १०८ बोलावली.

रात्री बाराला ताई आमच्याकडं आल्या. बीपी ९०/६०, वजन ४२ किलो, गुडघ्यापर्यंत सूज, हिरड्यातून थोडं रक्त. कॅथेटर टाकला तर ८० मिली लघवी, काळ्या चहाच्या रंगाची. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बसली की रक्तात साठत जाणारा कचरा, आलं १.३.

आता १.३ म्हणजे काय. लॅबच्या कागदावर "नॉर्मल १.२ पर्यंत" असं छापलेलं असतं, त्यामुळं १.३ दिसलं की मन म्हणतं, जरासंच वाढलंय. मी पण तेच म्हटलं. वहीत लिहिलं: अंदाज १, डायलिसिसशिवाय निभावेल, ७० टक्के.

हा अंदाज दोन कारणांनी चुकीचा होता आणि दोन्ही कारणं त्या रात्रीच माझ्या समोर होती. पहिलं, ४२ किलोच्या, अंगावर मांस नसलेल्या बाईचं रोजचं क्रिएटिनिन १ नसतंच, ०.५ नाहीतर ०.६ असतं, कारण क्रिएटिनिन स्नायूतून येतं. ०.६ वरून १.३ म्हणजे दुपटीच्या वर. एकेआय किती मोठा ते ठरवायला जगभर वापरतात त्या २०१२ च्या केडिगो निकषांप्रमाणं दुप्पट ते तिप्पट म्हणजे स्टेज २ (स्टेज तीन असतात, तिसरी सगळ्यात वाईट), आणि मी तिला मनातल्या मनात स्टेज १ ला बसवून मोकळी झाले होते. तिचं आधीचं क्रिएटिनिन कुठं होतं का, तर कुठंच नाही. तिनं आयुष्यात रक्त दिलं होतं ते दोन बाळंतपणात, तेव्हा हिमोग्लोबिन बघितलं असेल. दुसरं कारण वेळ. किडनी एका क्षणात पूर्ण बंद पडली तरी क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ नं वर जातं, बारीक माणसात त्याहून हळू. चावून सातच तास झाले होते. त्या १.३ मधे पुढं काय होणार ते दिसतच नव्हतं, ते म्हणजे वीज पडल्यावर ऐकू येणाऱ्या गडगडाटासारखं, उशिराच येणार. विजेच्या जागी काय होतं, तर लघवीची पिशवी. ८० मिली आणि काळी. ती पिशवी माझ्या डोळ्यासमोर लटकत होती आणि मी कागद वाचत होते.

पहाटे साडेतीनला परत ट्यूबची टेस्ट, रक्त अजून गोठेना, अजून १० व्हायल्स. सकाळी साडेनऊला गोठलं. एएसव्हीबद्दल नातेवाइकांना एक गोष्ट कधीच नीट सांगितली जात नाही, की ते रक्तात फिरणारं विष मारतं (आपल्याकडच्या एएसव्हीचं १ मिली घोणसचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं, म्हणजे १० मिलीच्या १० व्हायल्सना साधारण ६० मिलिग्रॅम), पण किडनीत जे होऊन गेलं ते उलटं फिरवत नाही. म्हणून चाव्यापासून पहिल्या व्हायलपर्यंतचा वेळ हाच खरा भाकिताचा आकडा. आमच्या ताईंचा साडेचार तास.

दुसऱ्या दिवशी रात्री हिशोब केला. २४ तासांत लघवी ११० मिली. केडिगोत लघवीचा निकष वेगळा असतो, किलोमागे तासाला ०.३ मिलीपेक्षा कमी आणि तेही २४ तास, म्हणजे थेट स्टेज ३. तिच्या वजनाला ती रेघ दिवसाला ३०० मिलीच्या आसपास येते. क्रिएटिनिन २.९. प्लेटलेट ३८ हजार, हिमोग्लोबिन १०.८ वरून ८.१, पेशी फुटल्या की वाढणारं एलडीएच १९००, आणि स्मिअरमधे, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, फुटक्या, कोर निघालेल्या लाल पेशी. पॅथॉलॉजीच्या मैत्रिणीनं फोन करून सांगितलं, "अगं शिस्टोसाइट्स आहेत, भरपूर." मी म्हटलं, हो, घोणसमधे असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, याच्यावर पुढं मी आपटणार आहे.

फ्लुइड पुरेसं झालंय याची खात्री करून सरांनी फ्युरोसेमाइडची, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाची, स्ट्रेस टेस्ट करायला लावली. ही टेस्ट मला फार आवडते कारण हिला पैसे लागत नाहीत. किलोमागे १ मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड शिरेतून द्यायचं (आधी घेत असेल तर दीड), आणि दोन तास लघवी मोजायची. २०० मिलीच्या खाली आली तर ट्यूब्यूल, म्हणजे किडनीतल्या बारीक नळ्या, इतके मार खाल्लेले आहेत की पुढं स्टेज ३ ला जाणार. २०१३ मधे ७७ पेशंटवर हे दाखवलं गेलं, सेन्सिटिव्हिटी ८७ टक्के (स्टेज ३ ला जाणाऱ्यांपैकी एवढे ओळखले), स्पेसिफिसिटी ८४ टक्के (न जाणाऱ्यांपैकी एवढे ओळखले). ७७ पेशंट म्हणजे काही फार नाहीत आणि ते सगळे तिकडच्या आयसीयूतले, घोणसचे नव्हेत. पण हीच माहिती द्यायला परदेशात लघवीतल्या प्रोटीनची महागडी किट निघालीत, नेफ्रोचेक वगैरे, ती आमच्या कॅज्युअल्टीत कोण आणून देणार. आम्ही ४० मिलिग्रॅम दिलं. दोन तासात १२ मिली.

अंदाज २: ४८ तासांत डायलिसिस, ९० टक्के.

तिसऱ्या दिवशी पोटॅशियम ६.४, ईसीजीत टी वेव्ह टोकदार, म्हणजे हृदयाला धोका, क्रिएटिनिन ४.६. मानेतल्या शिरेत कॅथेटर टाकून डायलिसिस चालू. हा अंदाज बरोबर आला, पण यात माझी काही हुशारी नाही, एवढं सगळं समोर असताना शिपाईमामांनीही सांगितलं असतं.

इथं एक वाद नेहमी होतो म्हणून लिहिते. एक ज्युनिअर म्हणाला, मॅडम, आपल्याला आदल्या रात्रीच कळलं होतं की डायलिसिस लागणार, मग पोटॅशियम वाढायची वाट का बघितली? प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की अंदाज बरोबर असला म्हणजे लगेच हात चालवायचा असं नाही. फ्रान्समधल्या अकिकी ट्रायलमधे (२०१६, ६२० पेशंट) थांबून बघू म्हटलेल्या गटातल्या ४९ टक्के लोकांना शेवटपर्यंत डायलिसिस लागलंच नाही. आणि २०२० च्या स्टार्ट-एकेआय ट्रायलमधे, तीन हजाराच्या वर पेशंट, लवकर डायलिसिस केलं काय किंवा थांबलं काय, ९० दिवसात मरणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं, ४३.९ आणि ४३.७ टक्के. उलट लवकर केलेल्यांपैकी जे वाचले त्यात ९० दिवसांनी डायलिसिसवरच असणारे जास्त, १०.४ टक्के, थांबलेल्यात ६. म्हणजे मशिनचा स्वतःचाही काही त्रास किडनीला होत असावा.

आता हा ४४ टक्क्याचा आकडा बघा. त्याच दिवशी दुपारी ताईंचे मालक मला जिन्यात गाठून म्हणाले, "म्याडम, खरं सांगा, माणूस हाती लागंल का?" आणि माझ्या डोक्यात पहिला आकडा आला तो हाच, ४४. डायलिसिस लागलेला एकेआय, आयसीयू, शंभरातले ४४ जातात. मी तो जवळजवळ बोलले असते.

पण ते ४४ कोणाचे? कॅनडा, युरोप, ऑस्ट्रेलिया अशा देशातल्या आयसीयूतले लोक, सरासरी वय पासष्टच्या आसपास, अर्ध्याहून जास्त सेप्सिसवाले, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलेले, व्हेंटिलेटरवर, बीपीची औषधं चालू. त्यांच्यात किडनी हा सगळं शरीर कोसळतानाचा एक भाग असतो. आमच्या ताईंचं वय ३६, आधीचा काही आजार नाही, परवा दुपारपर्यंत शेतात राबत होत्या, फुफ्फुस ठीक, शुद्ध ठीक, बीपी सकाळपासून औषधाशिवाय ११०. एका सापानं एक अवयव धरला होता. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या एकेआयचं हेच आहे, लेप्टो, मलेरिया, जुलाब, साप, माणूस तरुण असतो आणि घरून चालत येतो. तिकडची स्कोअरची पुस्तकं या माणसासाठी लिहिलेलीच नाहीत. मी वहीत लिहिलं: अंदाज ३, हॉस्पिटलमधे मृत्यू, १५ टक्के. आणि मालकांना म्हटलं, दादा, जिवाला धोका आहे पण वाचण्याची बाजू जास्त आहे, पुढचे दहा दिवस जपायचे, पायात पू झाला तर गणित बदलेल. ते म्हणाले, "आन लघवी?" मी म्हटलं, ती येईल, वेळ लागेल. हे "येईल" मी फार सहज बोलले.

नवव्या दिवशी ताप आला, पायाची जखम चिघळली, सर्जरीवाल्यांनी साफ केली, अँटिबायोटिक, चार दिवस वाईट गेले, मग उतरलं. त्याबद्दल एवढंच.

खरी गोष्ट सातव्या दिवशीची आहे. बीपी उत्तम, रक्त गोठतंय, प्लेटलेट लाखावर गेल्या, एक दिवसाआड डायलिसिस, लघवी दिवसाला ६० ते ८० मिली. मी अंदाज ४ लिहिला: २१ व्या दिवसापर्यंत लघवी ४०० मिलीच्या वर, ८० टक्के. विचार साधा होता. असल्या तरुण पेशंटमधे किडनी बसते ती बहुतेक वेळा ट्यूब्यूल मेल्यामुळं, ज्याला एटीएन म्हणतात, आणि ट्यूब्यूलच्या पेशी परत उगवतात, गवतासारख्या, एक ते तीन आठवड्यात. मी आधी असे पंधरा-वीस पेशंट बघितले होते आणि बहुतेक सगळे लघवी करत घरी गेले होते. मला त्यांचे चेहरे आठवत होते. जे गेले नाहीत त्यांचे तेवढे आठवत नव्हते, माणूस असाच हिशोब ठेवतो.

२१ वा दिवस: लघवी ९० मिली.

तोपर्यंत वॉर्डात रोज सकाळी एक खेळ चालायचा. मालक माझ्या आधी पिशवीपाशी उभे असायचे, खाली वाकून मिलीच्या रेघा वाचायचे आणि मी आले की सांगायचे, "आज नव्वद हाय म्याडम, काल पंच्याऐंशी व्हती." पाच मिलीचा आनंद. पिशवी तिरकी धरली तर पाच मिली असेही वाढतात हे सांगायचं मला कधी झालं नाही.

लघवी जवळजवळ शून्य, तीन आठवडे उलटले, आणि कारण घोणस. अशा वेळी एकच नाव मनात यायला हवं, कॉर्टिकल नेक्रोसिस. किडनीच्या बाहेरच्या सालीतल्या बारीक रक्तवाहिन्यात गुठळ्या होतात आणि ती सालच मरते, आणि गाळण्या तर तिथंच असतात. ट्यूब्यूल परत उगवतात, गाळण्या उगवत नाहीत. आपल्या देशात हे दोन ठिकाणी भेटतं, बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या बायका आणि घोणस. आणि त्या बारीक रक्तवाहिन्यात गुठळ्या होत असल्याची खूण कोणती? तर त्या गुठळ्यांवर आपटून फुटलेल्या लाल पेशी आणि संपलेल्या प्लेटलेट. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं फोनवर सांगितलेल्या. मी "घोणसमधे असतात" म्हणून सोडून दिलेल्या. त्या असतात हे खरंच, आणि फुटक्या पेशी दिसल्या म्हणजे नेक्रोसिस झालाच असंही नाही, पुष्कळ जण त्यातूनही नीट होतात. पण ८० टक्के लिहिताना त्या ८० मधून काहीतरी वजा व्हायला पाहिजे होतं. ५५ लिहिलं असतं तर शहाणपण म्हटलं असतं. पुरावा फाइलीत होता, रिपोर्टवर माझी सही होती, फक्त तो अंदाजापर्यंत पोचलाच नाही.

किडनीची साल बघायला सीटी करायचा तर काँट्रास्ट, म्हणजे शिरेतून सोडायचं रंगाचं औषध, लागतं, आणि किडनीला काँट्रास्ट नको हे आपण एमबीबीएसपासून घोकलेलं. सर म्हणाले, जी लघवी करत नाही तिच्या किडनीचं अजून काय वाकडं करणार आहेस, दुसऱ्या दिवशी डायलिसिस आहेच, करून घे. २३ व्या दिवशी केला. किडनीचा आतला भाग उजळला आणि बाहेरची साल काळी राहिली, पण सगळीकडं नाही, तुकड्या तुकड्यानं, वाळवी लागलेल्या पुठ्ठ्यासारखी. २६ व्या दिवशी बायोप्सी: पॅची कॉर्टिकल नेक्रोसिस, मधल्या जागेत एटीएन, काही गाळण्या चांगल्या.

बायोप्सी म्हणजे सुईच्या टोकावर आलेला किडनीचा एक दोरा. ज्या जागेवर सुई गेली तिथलं खरं, शेजारचं माहीत नाही. पॅची आजारात तर हा दोरा जवळजवळ नाणेफेक असतो. पण चुकल्यामुळं मी आता दुसऱ्या टोकाला गेले होते. अंदाज ५: ९० व्या दिवशी डायलिसिसवरच असेल, ७५ टक्के.

आणि या वेळी मी तो आकडा तोंडानं बोलले. मालक, त्यांची आई, ताईंचा भाऊ, तिघं समोर. "शंभरातल्या पंच्याहत्तर लोकांना कायमचं लागतं असं." वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच चुकीचं होतं, कारण असले शंभर लोक मी कुठं मोजले होते? तो माझ्या मनातला अंदाज होता, मोजलेला आकडा नव्हता, पण त्यांना ते कसं कळणार. पंच्याहत्तरचं घरात पोचेपर्यंत शंभर झालं. पुढच्या दहा दिवसात काय काय झालं ते मला तुकड्या तुकड्यानं कळलं. भावानं आईला घेऊन किडनी देण्याची चौकशी केली, तिचं बीपी निघालं, मग तो स्वतः द्यायला तयार झाला तर त्याची बायको माहेरी गेली. सासूबाईंनी नात्यातल्या कुणालातरी "पोराचं पुढं कसं" म्हणून विचारायला सुरुवात केली, पुढं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं, ताईंनाही. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले योजनेत बसला होता पण आठवड्यातून तीनदा येण्याजाण्याचा खर्च आणि बुडलेला रोज कुठल्या योजनेत नसतो, म्हणून सोयाबीन भाव नसताना विकलं. ताई कुणाशी बोलेनाशा झाल्या. एकदा मला म्हणाल्या, "म्याडम, तुम्ही सांगितलं त्या दिवसापास्नं हे सकाळी पिशवी बघायला येत न्हाईत."

तीसाव्या दिवशी सर्जन म्हणाले हातावर फिस्टुला करून टाकू, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून टाकू, स्लॉट आहे. कायमचं डायलिसिस म्हटलं की फिस्टुला लागतोच, आणि तो पिकायला महिना-दीड महिना जातो, त्यामुळं त्यांचंही बरोबर. मी सरांकडं गेले. सर म्हणाले, "तू पंच्याहत्तर लिहिलंस ना? मग उरलेले पंचवीस कुठं गेले? फिस्टुला दोन आठवड्यांनी केला तर पंच्याहत्तरवालीचं काही बिघडत नाही, आणि पंचवीसवालीचा हात वाचतो. थांब." पर्मकॅथ, म्हणजे डायलिसिसची जास्त दिवस टिकणारी नळी, २८ व्या दिवशी टाकलेला होताच, तोवर त्यावर भागणार होतं. माझ्या मते अख्ख्या केसमधला हा एकच निर्णय असा, जो अंदाजाच्या आकड्यावरून नीट घेतला गेला, आणि तो मी घेतलेला नाही.

याच सुमाराला अजून एक बदल झाला. २९ व्या दिवशी डायलिसिस चालू असताना बीपी ८०/५० झालं, घाम, उलटी. एवढं पाणी काढायची गरज नव्हती, वजनाचं टार्गेट जुनंच चाललं होतं. त्यानंतर आम्ही पाणी कमी काढायला लागलो, बीपी पडू द्यायचं नाही असं टेक्निशियनला बजावून ठेवलं, कारण सावरत असलेल्या किडनीचं बीपी प्रत्येक वेळी पाडणं म्हणजे उगवत्या रोपावर रोज पाय देणं. पुढं जे झालं ते त्यामुळं झालं का, असंच होणार होतं, हे एका पेशंटवरून कुणी सांगू शकत नाही.

३४ वा दिवस, २५० मिली. ३८ वा, ४२०. ४१ वा, ७००. कुठलंही फ्युरोसेमाइड न देता. हे न देता महत्त्वाचं आहे, कारण डायलिसिस थांबवता येईल का हे सांगणारी सगळ्यात चांगली खूण लघवीच आहे, दिवसाला ४०० मिलीच्या वर असेल तर आशा धरायची, पण औषध देऊन पिळून काढलेल्या लघवीला ते भाकीत तेवढं लागू पडत नाही. क्रिएटिनिनकडं या काळात बघून उपयोग नसतो, डायलिसिस ते धुऊन खाली आणतं आणि आपण खूश होतो. बघायचं ते दोन डायलिसिसच्या मधे ते किती चढतं. आधी दोन दिवसात पावणेदोननं चढायचं, मग एकनं, मग अर्ध्यानं.

५२ व्या दिवशी लघवी १४०० मिली, डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिन ३.८. चोवीस तासाची लघवी जमवून क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते ते, काढला तर मिनिटाला १४ मिली. अमेरिकेतल्या २००८ च्या एटीएन ट्रायलमधे नियम असा होता की १२ च्या खाली असेल तर डायलिसिस चालू ठेवा, २० च्या वर गेला तर थांबवा, आणि मधे असेल तर डॉक्टर ठरवेल. म्हणजे ताई बरोब्बर त्या डॉक्टर ठरवेलच्या पट्ट्यात. थांबवलं. क्रिएटिनिन ४.१ झालं, दोन रात्री मला झोप नाही, मग ३.६, मग ३.१, ६३ व्या दिवशी पर्मकॅथ काढून घरी. ९० व्या दिवशी २.६, डायलिसिस नाही.

त्या रविवारी मी वही घेऊन बसले आणि पाच अंदाजांचे मार्क काढले. हवामानखात्यात अंदाज तपासायला एक साधी रीत वापरतात, ब्रायर स्कोअर म्हणतात तिला, तुमचा आकडा आणि झालेली गोष्ट यातल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सरासरी काढायची, शून्य म्हणजे देवमाणूस. माझे वर्ग असे: ०.४९, ०.०१, ०.०२, ०.६४, ०.५६. सरासरी ०.३४. आता गंमत बघा, पाचही वेळा मी डोळे मिटून "५० टक्के" लिहिलं असतं तर सरासरी ०.२५ आली असती. म्हणजे या पेशंटपुरतं तरी, काही न शिकलेल्या माणसानं दर वेळी ५० लिहिलं असतं तर माझ्याहून बरं. पाच अंदाज आणि एक पेशंट यावरून कोणी पास-नापास ठरत नाही, मला माहितीये, आणि पुढच्या पेशंटमधे माझी सरासरी बरीच सुधारली. पण चुकलेल्या तिन्ही वेळा मी ७० ते ८० वर होते हे डोळ्यात खुपतं. खात्री जास्त होती, पुरावा कमी होता.

मित्र म्हणतात आता हे सगळं मशिन करेल. करेलही. २०१९ मधे गुगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीनं अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या सात लाखांवर लोकांच्या रेकॉर्डवर मॉडेल शिकवलं, ते एकेआय ४८ तास आधी ओळखायचं, साधारण ५६ टक्के वेळा, आणि एका खऱ्या घंटेमागे दोन खोट्या घंटा वाजवायचं. काम मोठं आहे, मी टिंगल करत नाही. पण त्या सात लाखात बायका ६ टक्क्यांच्या आसपास. आणि त्या मॉडेलला खायला काय लागतं, तर माणसाची आधीची क्रिएटिनिनं, औषधं, जुन्या भेटी. आमच्या ताईंची फाइल जन्माला आली ती साप चावल्यावर सात तासांनी. शिवाय घंटा वाजली म्हणून माणूस सुधारतोच असंही नाही, अमेरिकेतच सहा दवाखान्यात सहा हजार पेशंटवर एकेआयची सूचना कॉम्प्युटरवर दाखवून बघितली, २०२१ मधे निकाल आला, पेशंटच्या परिणामात एकंदरीत फरक नाही, आणि त्यातल्या दोन बिगर-टीचिंग दवाखान्यात तर सूचना मिळालेल्या गटात मृत्यू जास्त.

माझ्या वहीत एक चूक मात्र अशी होती जी आकड्यांच्या पलीकडची आहे आणि ती मला दीड वर्षानं कळली. ताई फॉलोअपला आल्या होत्या. क्रिएटिनिन २.१, म्हणजे ईजीएफआर, किडनीची गाळायची ताकद, ३० च्या आसपास, लघवीत प्रोटीन, बीपी १५०/९४. माझ्या वहीत ९० दिवसासाठी दोनच रकाने होते, "डायलिसिसवर" आणि "बरी". ही बाई कुठल्या रकान्यात टाकायची? डायलिसिस सुटलं म्हणून घरच्यांनी पेढे वाटले होते, गोळ्या बंद केल्या होत्या, कारण "बरी झाली" असं डिस्चार्जच्या दिवशी मीच बोलले होते. प्रत्यक्षात तिच्या निम्म्याच्या वर गाळण्या गेलेल्या आहेत, उरलेल्यांवर दुप्पट काम पडतंय, आणि पॅची नेक्रोसिसवाली किडनी काही वर्षांनी हळूहळू आकसत डायलिसिसपर्यंत परत जाऊ शकते. तिच्या घरानं जो प्रश्न विचारला होता, कायमचं का, त्याचं उत्तर अजून आलेलंच नाही, फक्त पुढं ढकललंय.

बीपीची गोळी परत चालू केली, दुखण्याची कुठलीही गोळी मेडिकलमधून परस्पर घ्यायची नाही हे तिला आणि मालकांना दोघांना वेगवेगळं सांगितलं, दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन. मालक म्हणाले, "म्याडम, आता किती टक्के?" मी म्हटलं, दादा, तीन महिन्यांनी रक्त बघू आणि मग पुढच्या तीन महिन्यांचं सांगते. त्यांनी मान हलवली, पटलं का नाही माहीत नाही. ताईंनी विचारलं, बनीम झाकायला जाऊ का. म्हटलं जा, पण गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून, आणि ताडपत्री आधी काठीनं उचलायची. गमबूट कितीला मिळतात म्हणाल्या. मला माहीत नव्हतं, वॉर्डबॉयला विचारून सांगितलं.